‘निपी’ शिकवायचा की ‘चिली’वर भागवायचं?

शब्दकिडा: इंग्रजी संभाषणाच्या काही क्लासांत थंडीसाठी ‘निपी’ शिकवतात. माझा विरोध आहे. ब्रिटनमध्ये चपळ छोटी गाडीही निपी, स्कॉटलंडमध्ये तिरसट माणूसही निपी. शिकणारा बिनदिक्कत ‘आय ॲम निपी’ म्हणतो. त्यातून ‘मला थंडी वाजतेय’ असा अर्थ निघतच नाही, उलट स्वारी स्वतःला तिरसट ठरवून मोकळी! थंडीचाच दुसरा शब्द ‘चिली’ मात्र हवेला, खोलीला, माणसालाही चालतो.

खडूफळा: दोष शब्दाचा नाही, सुटा शब्द पाठ करून घेण्याचा आहे. अख्खं वाक्य द्या: ‘इट्स अ बिट निपी टुडे’, ‘इट्स गेटिंग निपी’. कर्ता ‘इट’, आणि शक्यतो ‘अ बिट’ सोबत. ‘एक्स्ट्रीमली निपी’ कानाला खटकतं, कारण हा शब्दच मुळात हात राखून बोलण्याचा. ‘निप’ म्हणजे चिमटा. बाहेर पडल्यावर नाक, कान, बोटांची टोकं झोंबायला लागतात, तो गारठा. कपातला चहा गार झाला तर तो निपी नव्हे. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे १०-१२ अंश असतात, तिथे शब्द चपखल बसतो. उणे १५ला कुणी तो वापरला तर मुद्दाम गंमत करतोय असं समजा.

शब्दकिडा: आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला?

खडूफळा: तिच्या जनरल ट्रेनिंग प्रकारात लेखनाचं पहिलं टास्क पत्राचं. मित्राला लिहायचं असेल तर खुशाल वापरा. पण हीटर बंद पडल्याची घरमालकाकडे तक्रार करताना ‘द फ्लॅट इज अ बिट निपी’ लिहिलंत, तर तक्रारीतली हवाच गेली. तो म्हणेल, स्वेटर घाला! तिथे ‘फ्रीझिंग’ लिहा, नाहीतर सरळ खोलीचं तापमान द्या. ॲकॅडेमिक प्रकारातल्या आलेख-तक्त्यांच्या वर्णनात मात्र अजिबात नको.

टोपीमफलर: निपीला माझी हरकत नाही, अमेरिकेतही कळतो. ‘पार्की’ मात्र वगळा. अर्थ तोच, पण तो ब्रिटिशांचा घरगुती शब्द. अमेरिकन माणूस ‘काय म्हणालात?’ विचारेल. स्कॉटलंड-आयर्लंडला जाणाऱ्यांनी ‘बॉल्टिक’ ऐकून ठेवावा. तो कडाक्याच्या थंडीचा, निपीच्या बराच पुढचा.

शब्दकिडा: ऐकून कळण्यापुरते तिन्ही शिकवा, मान्य. पण बोलायला पहिल्या वर्षी ‘चिली’च. निपीच्या प्रत्येक वाक्याला इतक्या अटी असतील तर नवशिक्याने बोलायचं कधी?

खडूफळा: अटी दोनच आहेत हो: कर्ता ‘इट’ आणि समोर ओळखीचं माणूस.