ब्लेंडरमध्ये पंपाचं केसिंग हळूहळू अदृश्य करायचंय: अल्फा की दुसरी पद्धत?

साडेतीन मिती
सेंट्रिफ्युगल पंपाचं ॲनिमेशन आहे. ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) ४.२, २४ फ्रेम प्रतिसेकंद. ४० व्या फ्रेमपर्यंत पंप सबंध दिसावा, मग सेकंदभरात बिडाचं केसिंग (बाहेरचं कवच) विरत जाऊन आत फिरणारा इम्पेलर (पात्यांचं चाक) दिसावा. प्रिन्सिपल्ड बीएसडीएफ या मूळ मटेरियल-नोडच्या अल्फाला (अपारदर्शकता: १ म्हणजे पूर्ण दिसतं, ० म्हणजे अदृश्य) ४० वर १ आणि ६४ वर ० अशा कीफ्रेम (ठरावीक फ्रेमला नोंदवलेली किंमत) दिल्यात. ईव्हीमध्ये (ब्लेंडरचं झटपट रेंडर इंजिन) मधल्या फ्रेमवर रवा सांडल्यासारखे ठिपके येतात. सायकल्समध्ये (किरणांचा माग काढणारं संथ इंजिन) ठिपके नाहीत, पण फ्लँज, गॅस्केट आणि बोल्ट एकामागे एक येतात तिथे काळे डाग पडतात. शिवाय दोन्हीकडे केसिंगच्या आतल्या-मागच्या भिंतीही दिसत राहतात, त्यामुळे इम्पेलर गढूळ वाटतो. मटेरियलमध्येच हे सुटेल की पद्धतच बदलावी? काय सुचवाल?

नोडगुंता
ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत.

ठिपक्यांचं कारण मटेरियल सेटिंग्जमधलं रेंडर मेथड. तिथे डिदर्ड असतं तेव्हा ईव्ही प्रत्येक सँपलला 'हा पिक्सेल दाखवू की गाळू' असा कौल लावतं. सँपल कमी असले की तोच कौल ठिपक्यांच्या रूपात दिसतो. रेंडर सँपल मूळ ६४ असतात, ते २०० च्या आसपास न्या. ब्लेंडेड निवडलं तर ठिपके जातात आणि तिथलं ट्रान्स्परन्सी ओव्हरलॅप बंद केलं की त्या मेशचा (वस्तूच्या जाळीचा) फक्त कॅमेऱ्याजवळचा थर उरतो. मात्र ब्लेंडेडमध्ये कोणती वस्तू पुढे नि कोणती मागे हे ऑब्जेक्टच्या ओरिजिनवरून (मूळ बिंदूवरून) ठरतं. केसिंग आणि कव्हर वेगळे ऑब्जेक्ट असतील तर कॅमेरा फिरताना ते मध्येच एकमेकांवर उड्या मारतील. मटेरियल एकच असेल तर कंट्रोल-जे करून दोन्ही जोडून टाका.

(जुन्या ४.१ पर्यंतच्या ईव्हीत याच जागी ब्लेंड मोड होतं आणि ते मुळात ओपेक असायचं. त्यामुळे अल्फा कितीही हलवा, काहीच होत नसे. यूट्यूबवरचे निम्मे धडे त्या काळातले आहेत, जपून.)

सायकल्समधले काळे डाग म्हणजे किरणाने किती पारदर्शक पृष्ठभाग ओलांडायचे याची मर्यादा संपली. रेंडर प्रॉपर्टीज, लाइट पाथ्स, मॅक्स बाउन्सेस, त्यातलं ट्रान्स्परंट. मूळ आकडा ८. एका भागाला दोन पृष्ठभाग, म्हणजे पाच भाग ओळीत आले की दहा झाले. किरण तिथेच मरतो आणि पिक्सेल काळा. ३२ करा.

तिरपा कॅमेरा
वरच्या उत्तरात मागच्या भिंतींचा विषय राहिला, आणि खरी मेख तिथेच आहे. अल्फा ०.५ म्हणजे अर्धं आरपार, हा हिशेब एकाच पृष्ठभागाचा. केसिंगला जाडी आहे. इम्पेलरपर्यंत पोचायला बाहेरचा पृष्ठभाग आणि आतला पृष्ठभाग असे दोन ओलांडावे लागतात: ०.५ × ०.५, म्हणजे इम्पेलर फक्त २५ टक्के दिसतो. इम्पेलर नसलेल्या जागी चार पृष्ठभाग, तिथे पार्श्वभूमी जेमतेम ६ टक्के. इम्पेलर निम्मा दिसायला अल्फा ०.२९ लागतो. कीफ्रेम लिनिअर असतील तर ती वेळ ५२ ऐवजी ५७ व्या फ्रेमला येते. म्हणून 'बराच वेळ काहीच होत नाही आणि शेवटी एकदम गायब' असं वाटतं. लोक ग्राफ एडिटरमध्ये वक्र ओढत बसतात, दोष वक्राचा नसतोच.

उपाय: जॉमेट्री नोड घ्या. त्याचं बॅकफेसिंग आउटपुट (पृष्ठभागाची पाठ कॅमेऱ्याकडे असेल तर १, नाहीतर ०) मॅथ नोडमध्ये सबट्रॅक्टच्या खालच्या खणात, वरच्या खणात १. पुढे मल्टिप्लाय लावून दुसऱ्या खणात विरण्याचा आकडा (कीफ्रेम आता इथे द्यायच्या) आणि निकाल अल्फात जोडा. आता समोरच्या भिंतीची आतली बाजू आणि मागच्या भिंतीची बाहेरची बाजू आपोआप गळते, चाराचे दोन पृष्ठभाग उरतात. इम्पेलरसमोर एकच उरतो, त्यामुळे ०.५ ला तो खरोखर निम्मा दिसतो.

आधी फेस ओरिएंटेशन ओव्हरले (पृष्ठभागांच्या दिशा रंगाने दाखवणारा) लावून बघा. सगळं बाहेरून निळं हवं. लाल दिसलं तर एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट-एन. कॅडमधून आलेल्या मॉडेलमध्ये हे हमखास उलटंसुलटं असतं, आणि मग केसिंगला भोकं पडल्यासारखी दिसतात.

गळालेले पृष्ठभागही ट्रान्स्परंटच्या मोजणीत धरले जातात, तेव्हा ते ३२ तसेच ठेवा. ६४ नंतरही केसिंग शून्य अल्फाने तिथेच असतं आणि रेंडरचा वेळ खात राहतं. आउटलाइनरमधल्या (ऑब्जेक्टच्या यादीतल्या) कॅमेऱ्याच्या चिन्हावर माउस नेऊन ६४ वर चालू, ६५ वर बंद अशा 'आय' कळ दाबून कीफ्रेम द्या.

बहुभुज
एवढा खटाटोप मटेरियलमध्ये करूच नका, असं माझं मत. तांत्रिक ॲनिमेशनला दोन व्ह्यू लेअर (एकाच दृश्याचे वेगवेगळे रेंडर) बरे: एकात केसिंगचं कलेक्शन चालू, दुसऱ्यात आउटलाइनरमधली टिक काढून वगळलेलं. दोन्ही ओपन-ईएक्सआर (प्रकाशाचे कच्चे आकडे जपणारी चित्रफाइल) सिक्वेन्स म्हणून काढा आणि कंपोझिटरमध्ये (चित्रं एकत्र करायची जागा) मिक्स नोडच्या फॅक्टरला ० ते १ कीफ्रेम द्या. सावली, प्रतिबिंबं, सगळं एकत्र विरतं. आतल्या भिंती, बोल्टचे आटे असलं काही मध्येच डोकावत नाही. ग्राहक म्हणाला 'एक सेकंद नको, दीड करा', तर फक्त विरण्याच्या फ्रेम वाढवायच्या. जास्तीच्या फ्रेमपुरते दोन्ही लेअर आधीच काढून ठेवले असले की पुन्हा रेंडर नाही. दुप्पट वेळ लागतो तो विरण्याच्या २४ फ्रेमपुरताच.

पीएनजी काढून ते मिसळू नका. त्यात व्ह्यू ट्रान्सफॉर्म (पडद्यासाठीचं रंगांचं रूपांतर) आधीच बसलेला असतो, धातूवरची चमक विरताना मळकट दिसते.

तिरपा कॅमेरा
सहमत, एक अपवाद सोडून. केसिंग काचेसारखं अर्धवट दिसत ठेवून त्याची कड डोळ्यांना जाणवावी असं हवं असेल तर मिक्स सपाट, भुताच्या फोटोसारखं दिसतं. तिथे मटेरियलच हवं: अल्फा १ च ठेवून ट्रान्समिशन वेट (काचेसारखा प्रकाश आरपार जाण्याचं प्रमाण) ० ते १ आणि त्याबरोबर मेटॅलिक शून्यावर. मेटॅलिक १ असताना ट्रान्समिशनला वावच नसतो.

साडेतीन मिती
दोन्ही करून बघतो. अजून एक अडचण: केसिंगच्या बोल्टचं नि स्टँडच्या बोल्टचं मटेरियल एकच आहे, दोन्ही एकदम विरतात.

नोडगुंता
मटेरियलच्या नावाशेजारच्या आकड्यावर क्लिक केलं की वेगळी प्रत होते. पण बोल्ट एकेक करून विरवायचे असतील तर प्रती वाढवू नका. ऑब्जेक्ट इन्फो नोडचं अल्फा आउटपुट त्या मल्टिप्लायमध्ये द्या आणि ऑब्जेक्ट प्रॉपर्टीज, व्ह्यूपोर्ट डिस्प्ले, कलर यातल्या अल्फाला प्रत्येक बोल्टवर कीफ्रेम द्या. मटेरियल एकच राहतं आणि टाइमलाइनवर दोन-दोन फ्रेम सरकवून बोल्ट ओळीने घालवता येतात.

साडेतीन मिती
हेच वेबसाइटवर फिरवता येईल असं जीएलटीएफ (वेबसाठीचं थ्रीडी फाइल-स्वरूप) करून द्यायचं असेल तर?

बहुभुज
अल्फाच्या कीफ्रेम तिथे चालणार नाहीत. मूळ जीएलटीएफमध्ये जागा, फिरणं, आकार आणि मॉर्फ (एका रूपातून दुसऱ्यात बदलणं) एवढ्याचंच ॲनिमेशन आहे. मटेरियलचे आकडे हलवायला वेगळं एक्स्टेन्शन लागतं आणि ते प्रत्येक व्ह्यूअर वाचत नाही. केसिंगला स्वतंत्र मटेरियल आणि ओळखता येईल असं नाव देऊन पाठवा. थ्री-जेएस (ब्राउझरमधल्या थ्रीडीची जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरत असतील तर वेब करणाऱ्याने त्या मटेरियलचं ट्रान्स्परंट चालू करून ओपॅसिटी कोडमधून उतरवायची. बॅकफेसिंगचे नोड निर्यातीत जात नाहीत, म्हणून मटेरियलमध्ये बॅकफेस कलिंग (पाठीची बाजू न दाखवणं) चालू ठेवा; ते मात्र जातं.