पत्रकार दिनानिमित्त : हे काम आपले का वाटते?

६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ या पहिल्या मराठी वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला, म्हणून आपण हा दिवस पाळतो. यंदा सहकाऱ्यांना एवढेच विचारले आहे की, बातमी मोबाइलवर क्षणात पोहोचू लागल्यावरही हे काम आपल्याला कशामुळे करावेसे वाटते? प्रत्येकाने स्वतःच्या अनुभवातला एखादा प्रसंग सांगावा.

तालुका वार्ताहर, सांगली जिल्हा

बातमीचे पाकीट संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे देणारा मी माणूस, त्यामुळे मोबाइलवरची बातमीदारी मला बराच काळ उपरी वाटत असे. ऑगस्ट २०१९च्या महापुरात अंकाचे गठ्ठे गावात येईनासे झाले, तेव्हा सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी आणि कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याचा विसर्ग पाटबंधारे खात्याकडून विचारून घेऊन मी वेळेसह व्हॉट्सॲपच्या समूहावर टाकू लागलो. पहाटे तीनला एका शेतकऱ्याचा फोन आला, “दादा, तुम्ही सांगा, मगच म्हशी सोडतो.” माझ्या शब्दावर इतका भार पूर्वी कधी पडला नव्हता.

उपसंपादक, संकेतस्थळ विभाग, धुळे

१ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ती बातमी मी लावली आणि पुढचे कित्येक दिवस तशाच चित्रफिती माझ्याकडे येत राहिल्या. ‘आपल्याच भागातली’ म्हणून फिरणारी एक चित्रफीत थांबवून, मागच्या दुकानाची पाटी मोठी करून पाहिली, तर ती गुजरातीत होती. मग पोलीस ठाणे, पोलीस पाटील आणि शाळेचे मुख्याध्यापक अशा तिघांशी बोलून ‘असे काहीही घडलेले नाही’ ही चार ओळींची बातमी दिली. वरिष्ठांना ती नीरस वाटली आणि वाचकही बेताचेच मिळाले; तरी माझ्या नोकरीतली सर्वांत मोलाची बातमी मी तीच मानते.

मुद्रितशोधक, मुंबई

मार्च २०२०मध्ये टाळेबंदीत छपाई थांबली आणि मला ऑनलाइन मजकुराच्या कामाला लावले. छापील चूक दुसऱ्या दिवशी पानावर कबूल करावी लागत असे. इथे ती गुपचूप पुसता येते, हे मला फार खुपले. एका अपघाताच्या बातमीत मृताच्या जागी जखमी भावाचे नाव गेले होते. नाव बदलून विषय मिटवता आला असता, पण मी बातमीखाली वेळेसह ‘दुरुस्ती’ घालण्याचा आग्रह धरला आणि त्या घरी स्वतः फोन केला. फोन त्या भावानेच उचलला.