ठाण्यात जिवंत अमीबा कुठे मिळेल? नववीच्या प्रकल्पासाठी सल्ला हवा

मानपाडा_आई: लेकीने विषय घेतलाय, अमीबा सरकतो कसा आणि उजेड, मीठ लागलं की काय करतो. तयार स्लाइडवरचा मेलेला असतो. तलावपाळीचं पाणी बाटलीत आणून पाहिलं, काही दिसलं नाही. नवा मायक्रोस्कोप घ्यावा का? कोणता?

गढूळपाणी: ताई, मायक्रोस्कोप राहू द्या, पाणी बदला. वरवरचं निवळ पाणी आणलंत ना? अमीबा गाळावर आणि कुजक्या पानांच्या पोटाशी सरपटतो. उपवन नाहीतर कचराळी तलावाच्या काठची काळी पडलेली पानं, चमचाभर गाळ आणि तिथलंच पाणी पसरट बशीत सावलीला ठेवा. उकडलेल्या तांदळाचे दोन-चार दाणे टाका. आधी जीवाणू वाढतात, मग त्यांना खाणारे, मग अमीबा. आठ-दहा दिवस धीर धरा. नळाचं पाणी ओतू नका, क्लोरीन असतं. हात साबणाने धुवा, ते पाणी नाकात जाऊ देऊ नका.

स्लाइडवाला: 100 पट पुरे. अमीबा प्रोटियस अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरतो. बारक्या जातींना 400 लागेल. घोटाळा उजेडाचा असतो. तो पारदर्शक, लख्ख प्रकाशात दिसतच नाही. डायफ्राम, म्हणजे स्लाइडखालचं उजेड कमी-जास्त करणारं झडप, बराच मिटवा. कव्हरस्लिपखाली (थेंबावर ठेवायची पातळ काच) केसाचे दोन तुकडे ठेवा, नाहीतर चिरडेल. स्लाइडवर घेतल्यावर आधी अंग आखडून बसतो, थोडं थांबा.

आणि प्रकल्प इथेच आहे! मंद उजेडात सरकू लागला की डायफ्राम एकदम उघडा. बहुधा थबकतो. पुन्हा कधी निघतो ते घड्याळ लावून मोजा. एंगेलमान यांनी 1879 मध्ये अमीबासारख्याच पेलोमिक्सावर असंच पाहिलं होतं.

मानपाडा_आई: पण सरकतो कसा, हे सर विचारणारच.

स्लाइडवाला: कडेचा थर घट्ट, आतला रस पातळ. छद्मपाद, म्हणजे अंगातूनच पुढे येणारा तात्पुरता पाय, निघतो तिकडे रस वाहत जातो आणि टोकाशी घट्ट होतो. मागच्या बाजूचा घट्ट थर पातळ होऊन पुन्हा वाहू लागतो. यामागे अ‍ॅक्टिन आणि मायोसिन, आपल्या स्नायूंतही असतात तीच प्रथिनं. पुस्तकातल्या गोठलेल्या आकृतीत यातलं काहीच कळत नाही, म्हणून व्हिडिओच दाखवा. मोबाइल आयपीसला टेकवून निघतो.

मानपाडा_आई: आणि मीठ?

गढूळपाणी: ते सगळ्यात शेवटी, कारण त्यात तो मरूही शकतो. कव्हरस्लिपच्या एका कडेला अगदी फिक्या मिठाच्या पाण्याचा थेंब, दुसऱ्या कडेला टिपकागद. छद्मपाद आत ओढून गोळा होतो का पाहा. संकोचशील रिक्तिकेवरही (आत शिरलेलं जादा पाणी बाहेर टाकणारी पिशवी) नजर ठेवा: बाहेर मीठ असलं की आत शिरणारं पाणी कमी होतं, म्हणून तिचं आकुंचन मंदावतं. मीठ देण्याआधीचा तिच्या आकुंचनाचा वेग मात्र लिहून ठेवायला सांगा, नाहीतर तुलना कशाशी करणार?