पहिली गियरची गाडी कोणती घेऊ? (नाशिकच्या एका सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

ए-२०३ मानसी: नमस्कार सगळ्यांना, एक विचारायचं होतं. आत्तापर्यंत फक्त ॲक्टिव्हा चालवलीय, आता अंबडला जॉब लागलाय आणि मला गियरची गाडी घ्यायचीय, म्हणजे शिकायचीय पण. बजेट सगळं धरून नव्वद हजार, त्याच्यावर एक रुपया नाही. उंची ५ फूट १. कोणती बघू?

बी-१०१ देशमुख काका: बुलेट घे. एकदाच घ्यायची पण दणकट घ्यायची.

सी-३०२ प्रशांत: काका नव्वद हजारात अर्धी बुलेट येईल. आणि १९५ किलो वजन आहे तिचं, बेसमेंटमधून उलटी कोण ढकलणार, तुम्ही?

बी-१०१ देशमुख काका: आम्ही राजदूतवर शिकलो, आम्हाला कोणी ढकलून दिली नाही.

ए-४०१ अथर्व: ताई पल्सर एनएस बघ ना, पिकअप एक नंबर

ए-२०३ मानसी: अरे मला ऑफिसला जायचंय, कॉलेज रोडला चकरा नाही मारायच्या

सेक्रेटरी: उद्या सकाळी ९ ते ११ टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवावे.

बी-५०२ नंदा काकू: स्कूटीच बरी गं बाई, पुढे पिशवी तरी राहते. भाजी कुठे ठेवशील?

ए-२०३ मानसी: काकू सॅक आहे ना. आणि सिंहस्थाच्या कामांनी रस्ते असे करून ठेवलेत की ॲक्टिव्हाचं छोटं चाक प्रत्येक खड्ड्यात आदळतं, संध्याकाळी कंबर धरते.

सी-३०२ प्रशांत: हे मात्र खरं. ॲक्टिव्हाचं मागचं चाक १० इंची, स्प्लेंडरची दोन्ही १८ इंची, फरक लगेच कळतो. मानसी, मी बायकोला आणि दोन मेव्हण्यांना गियरची गाडी शिकवलीय म्हणून सांगतो, सीसी आणि मायलेज नंतर बघ, आधी वजन बघ आणि सीटवर बसून दोन्ही पाय टेकतात का ते बघ. चवडे टेकले तरी चालतं पण अधांतरी नको, कारण नवीन माणूस चालत्या गाडीवरून कमी पडतो, सिग्नलला थांबताना जास्त पडतो, गाडी एका बाजूला कलली आणि पाय पोचला नाही की संपलं. होंडाची शाईन १०० आहे ना ती ९९ किलोची आहे, म्हणजे तुझ्या ॲक्टिव्हापेक्षाही हलकी, सीट ७८६ मिमी. स्प्लेंडर ११२ किलो, सीट ७८५. टीव्हीएसची रेडर १२३ किलो पण सीट ७८०, ती पण जमेल तुला, फक्त ऑन-रोड, म्हणजे सगळं धरून, किती पडते ते विचार, बहुतेक नव्वदच्या वर जाईल. मी तुझ्या जागी असतो तर शाईन १०० नाहीतर स्प्लेंडर, तिसरीकडे बघितलंच नसतं.

ए-४०१ अथर्व: दादा १०० सीसी म्हणजे दूधवाल्याची गाडी हो 😂

सी-३०२ प्रशांत: दूधवाला रोज कॅन लावून घोटी-नाशिक करतो रे, तुझी एनएस महिन्यातून दोनदा गॅरेजला असते

बी-५०२ नंदा काकू: 😂😂

डी-१०४ शिंदे वहिनी: मानसी, मी पण स्कूटीवरूनच बाइकवर आले, तर एक गोष्ट कोणी सांगत नाही ती ऐक. ॲक्टिव्हाला डाव्या हातात ब्रेक असतो. बाइकला डाव्या हातात क्लच. समोर कुत्रं आलं की तुझा डावा हात आपोआप आवळणार, आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी सुटल्यासारखी पळत राहणार, कारण क्लच दाबला की इंजिन चाकापासून सुटतं, मग ते पण तिला अडवत नाही. मागचा ब्रेक उजव्या पायाला आहे हे अंगात मुरेपर्यंत द्वारका, मुंबई नाका असल्या गर्दीच्या चौकात जाऊच नकोस. माझा तर पाय ब्रेकवर असायचाच नाही, खाली लोंबकळत असायचा, स्कूटीची सवय.

ए-२०३ मानसी: बापरे वहिनी हे डोक्यातच नव्हतं आलं

सी-३०२ प्रशांत: वहिनी अगदी बरोबर. अजून एक, गियरचा पॅटर्न. स्प्लेंडरचे चारही पुढे, म्हणजे पुढच्या पट्टीवर पायाच्या बोटांनी दाबत जायचं, टाचेने मागे दाबलं की कमी. रेडर, पल्सर यांचा पहिला खाली आणि बाकी वर. एकावर शिकलीस आणि दुसऱ्याची घेतलीस तर पहिले काही दिवस गियर वाढवायला जाशील तिथे कमी करशील, गाडी झटका देते. म्हणून जी घ्यायची तिच्यावरच शिक. आणि शोरूमला टेस्ट राइडला चौकातला गोल मारून येऊ नको, चढावर थांबवून परत उचलून बघ. आपल्या बेसमेंटचा रॅम्प तुला रोज आहे, तिथे मागचा ब्रेक धरून हाफ क्लच, म्हणजे हळूच अर्ध्यापर्यंत, सोडता आला पाहिजे.

बी-१०१ देशमुख काका: सेकंडहँड घ्या की मग. शिकताना पडणारच, नवीन गाडीला ओरखडा पडला की जीव जातो.

सी-३०२ प्रशांत: काका हा मुद्दा चांगला काढलात. पण एप्रिल २०२० नंतरची बघायची, बीएस६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमातली. त्यातल्या बहुतेकांना फ्युएल इंजेक्शन आहे, जुन्या कार्बोरेटरवाल्या डिसेंबरात सकाळी चोक ओढून किका मारत बसायला लागतं, आपल्याकडची थंडी माहितीय ना. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा उतरलाय का, चेसिस नंबर जुळतो का, पुढच्या शॉकअपला तेल गळतंय का एवढं बघायचं. आणि मालकाला आधी फोनवरच सांगायचं की गाडी गरम करून ठेवू नका, मी आल्यावर गार असतानाच चालू करून बघणार.

ए-१०२ पाटील सर: नवीन घेत असाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, जुने भाव मनात धरू नका. मात्र नुसत्या एक्स-शोरूम भावावर जाऊ नका, ऑन-रोड लेखी घ्या. त्यात आरटीओ आणि पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा येतो, तो सक्तीचाच आहे. हँडलिंग चार्जेस म्हणून काही लावलं तर कशाचे ते विचारा. आणि लायसन्स कोणतं आहे?

ए-२०३ मानसी: विदाउट गियर सर

ए-१०२ पाटील सर: मग आधी गियरचं लर्निंग काढा, ३० दिवसांनी पेठ रोडला आरटीओत टेस्ट. तोपर्यंत एलची पाटी लावून. विदाउट गियरच्या लायसन्सवर बाइक चालवताना काही झालं तर विम्याचं भांडण होतं.

बी-५०२ नंदा काकू: आणि ओढणी गं, चेनमध्ये जाते

डी-१०४ शिंदे वहिनी: काकू म्हणून चेन पूर्ण झाकलेली गाडी बघायची, स्प्लेंडरला कव्हर असतं. साडी गार्ड पण कापून टाकू नको, मुलं टाकतात स्टाइल म्हणून.

ए-४०१ अथर्व: ताई हेल्मेट तरी भारी घे

सी-३०२ प्रशांत: भारी नको, मापाचं घे. आयएसआय बघ, पट्टा लावून मान हलवली की डोक्यावर फिरता कामा नये. २०२१ ला पंपावर हेल्मेटशिवाय पेट्रोल देत नव्हते तेव्हा अर्ध्या नाशिकने टोपल्या घेतल्या होत्या डोक्यावर, एकमेकांची उसनी पण.

ए-२०३ मानसी: हो हो आठवतंय, बाबा शेजारच्यांचं घेऊन गेले होते. ठरलं मग, शाईन १०० आणि स्प्लेंडर दोन्हीवर बसून बघते, लर्निंगचा फॉर्म आज भरते. लर्निंग हातात आलं की प्रशांत दादा, तुमच्या स्प्लेंडरवर क्लच दाखवाल का?

सी-३०२ प्रशांत: दाखवतो की. सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेसहाला, एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवर, ट्रक सुरू व्हायच्या आत. बूट घालून ये पण, चपलेवर गियर नाही शिकवणार.

बी-१०१ देशमुख काका: मी पण येतो. मागच्या सीटवर बसायला कोणीतरी वजनदार माणूस लागेल ना सरावाला.