हिवाळ्यातले धोबी पक्षी: ओळखायचे कसे, मोजायचे कसे?

बांधवाट
माझी नेहमीची वाट एका बाजूने १.५ किलोमीटर: शेताच्या बांधावरून ओढा, पुढे तळ्याचा काठ, आणि त्याच वाटेने परत. थंडी पडल्यापासून सगळीकडे धोबी आहेत. खालून पिवळा दिसणारा धोबी करडा समजायचा की पिवळा? आणि जाताना १२, येताना १५ दिसले तर नोंद २७ ची करायची का?

पाणकाठ
थंडीत रंगावर विसंबू नका. पहिल्याच हिवाळ्यातला पिवळा धोबी पुष्कळदा राखाडी-तपकिरी असतो, पोट मळकट पांढरं, पिवळेपणा जेमतेम शेपटीच्या बुडाशी. आधी शेपूट बघा: करड्या धोब्याची बाकीच्यांहून चांगलीच लांब असते आणि ती हलवताना त्याचं अख्खं मागचं अंग डोलतं. मग पाय. करड्याचे फिकट गुलाबी-तपकिरी, पिवळ्याचे आणि पांढऱ्याचे काळे. पण चिखलाने माखलेल्या पायांवरून निकाल देऊ नका, उडेपर्यंत थांबा. करड्याची कंबर पिवळीधमक दिसते, पिवळ्याची पाठीच्याच रंगाची.

ओढ्यातल्या दगडांवर एकटाच असेल तर बहुधा करडा. ओल्या गवतात, चरणाऱ्या गुरांच्या पायांत घोळक्याने किडे टिपत असतील तर पिवळे. तळ्याकाठी मात्र घाई करू नका. राखाडी पाठ, पंखावर दोन जाड पांढरे पट्टे आणि गालाभोवती फिकट कडं असेल तर तो पिवळ्या डोक्याचा धोबी.

नोंदवही
२७ नाही. तेच पक्षी परतीच्या वाटेवर पुन्हा भेटतात, शिवाय हुसकले की पुढे उडून बांधावरच बसतात. जातानाचे १२ धरा. येताना जे नक्की नवे, तेवढेच मिळवा, उदाहरणार्थ डोळ्यांदेखत बाहेरून येऊन उतरलेला थवा. ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) अंतर एकेरीच भरायचं, १.५ किलोमीटर; वेळ मात्र पक्षी पाहण्यात गेलेला सगळा. जो ओळखू आला नाही तो 'धोबी, जात अनिश्चित' म्हणून नोंदवा. अंदाजाने एखाद्या जातीत ढकललेला पक्षी पुढच्या वर्षीची तुलनाही बिघडवतो.

निघायची वेळ बदलू नका. धोबी रात्री बोरू-वेतांत किंवा झाडांवर एकत्र मुक्कामाला जातात, त्यामुळे संध्याकाळचा आकडा सकाळच्या आकड्याशेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

बांधवाट
सूर्य उगवल्या उगवल्या निघालो तर चालेल?

पाणकाठ
मोजायला चालेल, रंग बघायला नाही. कोवळ्या उन्हात पांढरं पोटसुद्धा पिवळसर दिसतं. ऊन पाठीशी राहील असं उभं राहा आणि तोवर कानांवर भर द्या: पांढऱ्याचा दोन तुकड्यांचा 'चिझिक', करड्याचा तीक्ष्ण, धातूवर वाजल्यासारखा 'त्झित-त्झित', पिवळ्याचा एकच लांबट 'त्स्वीप'. उडताना तिघेही हाक देतात, म्हणून थवा उठला की दुर्बीण लावण्याआधी ऐका.