नवख्याने रेडकू कोणतं घ्यावं: दूधपितं की आठ महिन्यांचं?

पाणंद: महाराष्ट्रात मांसासाठी जनावर वाढवायचं तर म्हशीच्या नर रेडकांचाच विचार करा. कायद्यातल्या 2015च्या दुरुस्तीनंतर गायीबरोबर वळू आणि बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हैसवर्गाला मुभा आहे, तीही परवानाधारक कत्तलखान्यात, तपासणी होऊनच. माझं मत: नवख्याने दूधपितं रेडकू घेऊ नये. रोज तीन लिटरप्रमाणे साठ दिवसांचं दूध 180 लिटर होतं. लिटरला 60 रुपये धरले तर 10,800 रुपये दुधातच गेले, वर मरतुकीची धास्ती. आठ महिन्यांचं, शंभरेक किलोचं, चांगलं रवंथ करणारं घ्या. दिवसाला अर्धा किलो वाढ मिळाली तर 400 दिवसांत 300 किलो भरतं.

कडबाकुट्टी: पटत नाही. म्हशीने पान्हा सोडावा एवढ्यापुरतं सडाला लावायचं आणि लगेच ओढून बांधायचं, बहुतेक नर रेडकांची हीच गत. आठ महिन्यांनी बाजारात येतं तेव्हा पोट नगाऱ्यासारखं, केस राठ, पुठ्ठा बसलेला. त्यापेक्षा ओळखीच्या गोठ्यातून लहान घ्या आणि नीट वाढवा. चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दूध, जन्मल्यापासून दोन तासांत पोटात गेला पाहिजे. 24 तासांनंतर आतडं त्यातली प्रतिकारद्रव्यं शोषतच नाही. नाळेला आयोडीन लावलेलं हवं. सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट जंतांची: गोल जंत आईच्या दुधातून रेडकात उतरतात. दहाव्या ते सोळाव्या दिवसादरम्यान डॉक्टरांच्या मापाने पायपराझिन हे जंतनाशक द्या. शेणात अंडी दिसायची वाट पाहू नका, तोवर तीन आठवडे उलटतात आणि मातकट, घाण वासाची हगवण लागलेली असते. दुधाचा खर्च टाळायला वासरांसाठीची दूधभुकटी (मिल्क रिप्लेसर) चालते, लिटरभर कोमट पाण्यात 125 ग्रॅम. दुसऱ्या आठवड्यापासून काफ स्टार्टर (लहान वासरांचा खुराक) समोर ठेवा. रोज किलोभर खाऊ लागलं की दूध तोडा.

पाणंद: चीक पाजल्याची खात्री कोण देणार? विकणारा 'पाजलाय' असंच म्हणतो. आणि उपाशी राहिलेलं प्रत्येक रेडकू वाया जात नाही. उंची आणि हाडपेर वयाला साजेसं असेल, नुसतं अंग उतरलेलं असेल, तर जंतनाशक आणि पोटभर चारा मिळताच ते झपाट्याने भरून काढतं. खुजं राहिलेलं मात्र सोडून द्या.

शेवरी: हाडपेर बघून घ्या, हे बरोबर. पण नवखे आपटतात ते घरी आणल्यावर. वजन वाढवायच्या घाईत पहिल्याच दिवशी दोन किलो मका भरडा टाकतात. पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबते, शेण पातळ आणि आंबट होतं, जनावर आडवं पडतं. पाव किलोपासून सुरुवात करून तीन आठवड्यांत वजनाच्या एक ते दीड टक्क्यावर या, आणि खुराकाआधी वैरण घाला. नवं जनावर 21 दिवस वेगळं बांधा. लाळ्या-खुरकूत रोगाची लस दर सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्या या रोगांची लस पावसाळ्याआधी. म्हैसवर्गात घटसर्प एका दिवसात जीव घेतो.

नुसत्या गव्हाच्या भुश्यावर (कोंड्यावर) नर वाढवू नका. त्यात स्फुरद (फॉस्फरस) जास्त आणि कॅल्शियम कमी, त्यातून मूतखडा होतो. कॅल्शियम स्फुरदाच्या दुप्पट राहील असं खनिज मिश्रण द्या, मीठ आणि भरपूर पाणी ठेवा. शेपटी हलवत कुंथतंय आणि थेंबथेंब मुततंय असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा, मूत्राशय फुटलं की उपाय राहत नाही.