सांगलीला जाताना वाटेत युरोप: सोबत दोन वर्षांची होऊ घातलेली मुलगी

प्रेषक: स्नेहा
प्रति: मंडळ, सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या मध्यात आम्ही शिकागोहून सांगलीला निघतोय. ईराचा दुसरा वाढदिवस जानेवारीत, तिथेच आजी-आजोबांकडे. तिला घेऊन हा पहिलाच एवढा लांबचा प्रवास. बाईसाहेब एका जागी दहा मिनिटं बसत नाहीत, त्यामुळे युरोपात दोन रात्री मुक्काम करून पुढे जावं असं ठरतंय. कुठे, यावर घरात एकमत नाही. रोहितला पॅरिस हवंय, मला ॲमस्टरडॅम. सासूबाई म्हणतात, "वाटेत थांबायचं कशाला? सरळ घरी या."

आमच्या दोघांचे पासपोर्ट भारतीय, अमेरिकेचा व्हिसा चालू आहे. ईराचा अमेरिकन, तिचं ओसीआय (भारतात यायला व्हिसाऐवजी चालणारं कार्ड) आलंय. ज्यांनी एवढ्या लहान मुलांना घेऊन असा मुक्काम केलाय त्यांनी कृपया लिहा. प्रेक्षणीय स्थळांची यादी नको, ती गुगलवर आहे.

स्नेहा

---

प्रेषक: निखिल

स्नेहा, रोहितला पॅरिसला न्यायचं तर मुलीला आजीकडे ठेवून ने. आम्ही स्ट्रोलर घेऊन गेलो होतो. चौदा नंबरची लाइन सोडली तर जुन्या मेट्रो स्टेशनांत लिफ्ट जवळपास नाहीतच. एकाने पुढचं चाक धरायचं, दुसऱ्याने दांडा, आणि जिने मोजत चढायचं. विमानतळ गावापासून लांब, आणि गावात नेणारी लोकल कामावर जायच्या वेळी खच्चून भरलेली. बागा मात्र सुंदर आहेत, हे प्रामाणिकपणे सांगतो.

व्हिसाचं आधी बघा. शहरात पाऊल टाकायचं म्हणजे तुम्हा दोघांना शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच) लागणार, ईराला नाही. माणशी ९० युरो. ज्या देशात मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी द्यावा लागतो. पण खरी मारामारी अपॉइंटमेंटची असते, डिसेंबरसाठी तर फारच. किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमाही जोडावा लागतो. म्हणजे शहर ठरवायला अजून महिनाभर घालवलात तर शहर तुम्ही नाही, अपॉइंटमेंट ठरवेल.

आणखी एक. परतीला नुसतं विमान बदलणार असाल तर वाटेत युरोपातला एकच विमानतळ येऊ द्या. आधी म्युनिक, मग झुरिक असं तिकीट स्वस्त दिसतं, पण मधलं विमान शेंगेनच्या आतलं असतं, म्हणजे तुम्ही पुन्हा हद्दीत शिरलात. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तिथेच अडकाल.

निखिल

---

प्रेषक: मानसी

आमचा मुक्काम फ्रँकफर्टला झाला होता. शहर गोड बिड काही नाही, पण लहान मुलासाठी सोयीचं आहे. विमानतळाच्या खालूनच लोकल सुटते, पंधरा मिनिटांच्या आत मुख्य स्टेशन. तिथून पाल्मेनगार्टन नावाची मोठी बाग जवळ आहे, तिच्या काचेच्या हरितगृहांत हिवाळ्यातही ऊब असते. फक्त मुख्य स्टेशनच्या अगदी समोरच्या गल्ल्यांत हॉटेल घेऊ नका. स्वस्त दिसतात, पण संध्याकाळी तिथून मूल घेऊन चालावंसं वाटत नाही.

रविवारी मात्र उतरू नका. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, अगदी किराणा आणि औषध-साबणाचीसुद्धा. स्टेशन आणि विमानतळावरची तेवढी उघडी असतात. आमची बॅग आली नव्हती (कंपनीचं नाव घेत नाही), डायपर त्यातच, आणि वार रविवार. नवरा स्टेशनवर जाऊन डायपर घेऊन आला तेव्हा मुलगा हॉटेलच्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला होता. दोन दिवसांचे डायपर, एक जास्तीचा कपड्यांचा जोड आणि तापाचं औषध हातातल्या बॅगेतच ठेव.

अमेरिकेतली छोटी केटल किंवा भाताचा कुकर नेणार असशील तर मागचं लेबल वाच. नुसतं ११० व्होल्ट लिहिलं असेल तर युरोपात आणि सांगलीत दोन्हीकडे जळून जाईल. १००–२४० लिहिलेलं हवं. तिकडच्या हॉटेलात खोलीत केटल असेलच असं नाही, आणि मेतकूट-भातावर वाढलेल्या मुलांना बुफेतला पाव दोन दिवस चालत नाही.

मानसी

---

प्रेषक: सुधीरकाका, विश्रामबाग, सांगली

स्नेहा,

मी रिटायर होऊन सांगलीला आलो तरी मंडळाची पत्रं वाचणं सुटलेलं नाही. शहरावर वाद घालताय तो नंतर घाला. आधी दोन गोष्टी बघा: विमान किती वाजता उतरतं, आणि उतरल्यावर पाठ टेकायला खोली किती वाजता मिळते.

तुमच्याकडनं संध्याकाळी सुटलेलं विमान युरोपात सकाळी उतरतं. हॉटेलवाला खोली देतो दुपारी दोन-तीनला. मधले तास रात्रभर जागलेलं लेकरू कडेवर घेऊन काढायचे म्हटलं की पॅरिस काय आणि पंढरपूर काय, सारखंच. म्हणून एक तर जितक्या उशिरा उतरणारं विमान मिळेल तितकं घ्या, नाहीतर आदल्या रात्रीपासून खोली बुक करा. एका रात्रीचे पैसे जातात, जाऊ देत. हॉटेलला मात्र तसं कळवून ठेवा, नाहीतर आदल्या रात्री आला नाहीत म्हणून ते बुकिंगच रद्द करतील.

आता माझं मत. झुरिकला जा. शिकागोहून थेट विमान आहे आणि तिथनं मुंबईलाही थेट आहे. साधारण मधोमध तुटतो प्रवास, दोन्हीकडं साडेआठ तासांच्या आसपास. विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे. गाडीत बसल्यावर दहा-बारा मिनिटांत गावातलं मुख्य स्टेशन. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. रविवारी तिथंही दुकानं बंद असतात, पण मुख्य स्टेशनातली आणि विमानतळावरची उघडी असतात, त्यामुळं मानसीसारखी गत व्हायची नाही.

डिसेंबरात तिथं थंडी असते आणि साडेचार-पावणेपाचला अंधार पडतो. मग एवढ्याशा पोरीला पळवायचं कुठं? मुख्य स्टेशनाजवळनं सहा नंबरची ट्राम थेट प्राणिसंग्रहालयाच्या दाराशी जाते. तिथं मसोआला नावाचा एक हॉल आहे, २००३ साली उघडलेला, ११,००० चौरस मीटर, वर पारदर्शक छत आणि आत मादागास्करचं जंगल वाढवलेलं. बाहेर शून्याच्या आसपास, आत कोकणातला जुलै. दारातच स्वेटर काढून कडेला ठेवायचा. लेमूर पिंजऱ्यात नसतात, डोक्यावरच्या फांदीवर असतात. आमची नात वाटेतल्या डबक्यापाशी पाऊण तास बसली होती, लेमूरकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. पण झोपली छान त्या रात्री.

दुसऱ्या दिवशी पॉलिबान. तांबड्या रंगाचा एक छोटासा डबा उतारावरनं वर जातो, १८८९ पासून चालू आहे, दोन-तीन मिनिटांत विद्यापीठाच्या गच्चीवर. तिथनं गाव दिसतं ते तुमच्यासाठी, डबा तुमच्या मुलीसाठी. पुन्हा खाली, पुन्हा वर, जितक्या वेळा म्हणेल तितक्या वेळा. एवढं पुरे. तिसरं काही ठरवू नका.

महाग आहे, हे लपवत नाही. हॉटेलात जेवू नका, स्वयंपाकाचा ओटा असलेली खोली घ्या. तिथं फ्रँक चालतो, युरो नव्हे, पण व्हिसा शेंगेनचाच.

आता मुद्द्याचं. तुमचा सगळ्यात अवघड टप्पा शिकागो-झुरिकही नाही आणि झुरिक-मुंबईही नाही. मध्यरात्रीच्या सुमारास मुंबईत उतरल्यावर सांगलीपर्यंतचं पावणेचारशे-चारशे किलोमीटर, तो आहे. घड्याळाचा हिशोब बघा: शिकागो ते सांगली साडेअकरा तासांचा फरक, त्यातले सात झुरिकलाच वसूल होतात. दोन रात्री तिथं झोपलेली पोर मुंबईत उतरेल तेव्हा निदान रात्र आहे हे तिच्या अंगाला थोडंफार कळलेलं असेल. मुक्काम त्यासाठी आहे, गाव बघण्यासाठी नाही. सासूबाईंना एवढं सांग, पटेल त्यांना.

सुधीरकाका

---

प्रेषक: मंडळ समिती

कृपया उत्तर देताना खालची सगळी जुनी पत्रं काढून टाकावीत. संक्रांतीच्या हॉलचा विषय वेगळ्या पत्रात लिहावा.

---

प्रेषक: अश्विनी

काकांचं पटतंय, पण ॲमस्टरडॅमची बाजू कुणीतरी मांडायला हवी. विमानतळाखालीच स्टेशन तिथेही आहे आणि वीस मिनिटांच्या आत गावात पोचता. कालव्याकाठच्या जुन्या घरांतली हॉटेलं मात्र टाळ. जिने शिडीसारखे उभे, लिफ्ट नाही, आणि खाली उतरलं की पाण्याला बहुतेक ठिकाणी कठडा नाही. धावत्या मुलीला घेऊन माझा तर जीव वर-खाली झाला असता. म्हणजे बाजू मांडता मांडता मी विरोधातच गेले.

जाताना थांबायचं की येताना, हे कुणी विचारलं नाही. माझं सासर साताऱ्याचं, त्यामुळे मी पेढ्यांच्या बाजूने बोलते. येताना थांबलात तर बॅगा ताब्यात घेऊन कस्टममधून बाहेर पडावं लागतं. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, स्वित्झर्लंडचंही तसंच. बाळाच्या दुधाच्या पावडरीला सूट आहे, कंदी पेढ्यांना नाही आणि घरच्या तुपालाही नाही. सासूबाईंनी दिलेला डबा तिथल्या कचऱ्याच्या डब्यात घालायचा म्हणजे काय ते मला विचारू नका. बॅग थेट शिकागोपर्यंत टॅग झाली तर हा प्रश्न येत नाही. पुढे अमेरिकेच्या कस्टमचं आपण सगळे जाणतोच.

आणि हो, ईरा परतीच्या आधी दोन वर्षांची होणार ना? मग येताना तिला स्वतःची सीट घ्यावीच लागेल. मांडीवरचं तिकीट दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच चालतं. तिकीट काढतानाच जन्मतारीख नीट घाल. जाताना विमानातल्या पाळण्याची जागा मिळेल या आशेवर राहू नकोस, एवढी मोठी मुलं त्यात मावत नाहीत. परवडत असेल तर जातानाही सीट घ्या.

अश्विनी

---

प्रेषक: निखिल

तिकिटाचं राहिलं होतं. दोन वेगळी तिकिटं काढू नका, 'मल्टी-सिटी'मध्ये एकाच तिकिटावर शिकागो-झुरिक, झुरिक-मुंबई, मुंबई-शिकागो टाका. पहिलं विमान रद्द झालं तर पुढचं सांभाळणं मग कंपनीच्या अंगावर येतं. वाटेत चोवीस तासांपेक्षा जास्त थांबलात की तो मुक्काम धरला जातो. कधी भाडं वाढतं, कधी काहीच फरक पडत नाही, तारखा हलवून बघा.

पासपोर्टच्या रांगेचा वेळ धरा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बाहेरच्या पासपोर्टवाल्यांचे फोटो आणि ठसे नोंदवायला सुरुवात झाली आहे. बारा वर्षांखालच्यांचे ठसे घेत नाहीत, पण रांगेत तेही असतात. आणि विमानाच्या दाराशी दिलेला स्ट्रोलर दाराशीच परत मिळेल असं समजू नका. बऱ्याच ठिकाणी तो सामानाच्या पट्ट्यावर येतो, म्हणजे रांगेत मुलगी कडेवर. पोटाशी बांधायचं कॅरियर सोबत ठेवा.

---

प्रेषक: स्नेहा

सगळ्यांचे मनापासून आभार. रोहितने पॅरिसचा हट्ट सोडला, 'पॅरिस काय आणि पंढरपूर काय' हे वाक्य वाचून. झुरिक ठरलं, जातानाच थांबणार, दोन रात्री, आदल्या रात्रीपासून खोली. व्हिसाची अपॉइंटमेंट मिळाली, त्यामुळे आता मागे फिरायची सोय नाही. ईराला दोन्हीकडे स्वतःची सीट.

काका, एकच विचारायचं राहिलं. सासरे म्हणतात सांगलीहून गाडी पाठवतो, मध्यरात्री विमानतळावरून बसा आणि सकाळी दारात उतरा, ईरा गाडीत झोपेलच. बरोबर वाटतं का तुम्हाला?

स्नेहा

---

प्रेषक: सुधीरकाका

स्नेहा,

नको. ईरा झोपेल, पण ड्रायव्हर कोण जागवणार? तो सांगलीहून सात-आठ तास गाडी मारत येणार, विमानतळाबाहेर पार्किंगला जागा शोधत फिरणार, विमानाला उशीर झाला तर डुलक्या काढत थांबणार आणि तुम्हाला घेऊन रात्री दीडला परत निघणार. पहाटे पाचच्या सुमारास तुम्ही खंबाटकीच्या आसपास असाल आणि ऊसतोडीच्या दिवसांत पुढं कराडपासनं मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. रोहितलाही त्या वेळी डोळा उघडा ठेवणं जमणार नाही.

विमानतळाजवळ किंवा वाशीला खोली घ्या, ड्रायव्हरलाही झोपायची सोय द्या. ईरा घड्याळाच्या गोंधळात पहाटे उठेलच, तेव्हाच निघा. मुंबईची गर्दी सुरू व्हायच्या आत एक्सप्रेस वे गाठला की पुण्याचा बायपासही बऱ्यापैकी मोकळा मिळतो. साताऱ्याला नाश्ता, पेठ नाक्याला हायवे सोडायचा, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), आष्टा, आणि जेवायला घरी.

कारसीट इथं भाड्याच्या गाडीत मिळत नाही. तुमची तिकडनंच आणा, बहुतेक कंपन्या ती वेगळे पैसे न घेता नेतात, तरी तिकीट काढताना विचारा. आणि गाडी ठरवताना सासऱ्यांना मागच्या सीटचा फोटो काढून पाठवायला सांग. इकडं सीटवर नवीन कव्हर चढवतात आणि पट्ट्याची कुलपं त्याखाली दडपून टाकतात. ती वर काढून ठेवा म्हणून ड्रायव्हरला आधीच सांगायचं, नाहीतर मध्यरात्री विमानतळाबाहेर कव्हर उसवत बसाल.

सुधीरकाका